गेमर नावाचे गिऱ्हाईक

संगणक जुळवून विकणारा व्यवसाय वाढू लागला की त्याच्यापुढे एक प्रश्न येतोच. दुकाने, शाळा, पतसंस्था, डाळ मिलची कार्यालये यांना साधी यंत्रे पुरवता पुरवता गेम खेळणाऱ्यांसाठी वेगळे यंत्र करावे का? जळगाव आणि धुळे या शहरांत हा प्रश्न ‘असेंबल्ड’ संगणकाच्या दुकानात येतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, यंत्राला वीज पुरवणारा एसएमपीएस असे सारे भाग बाहेरून येतात आणि दुकानात त्यांचे यंत्र होते. याला उत्पादन म्हणायचे की नुसती जुळणी, हा वाद फारसा कामाचा नाही. मोठमोठ्या कंपन्याही चिप स्वतः घडवत नाहीत. भागांची निवड, त्यांची बसवणूक, हवा खेळवण्याची सोय, चाचणी आणि विक्रीनंतरची दुरुस्ती एवढेच जुळवणाऱ्याच्या हातात असते, आणि त्याची पत ठरते तीही त्यावरच.

खानदेशाचा संगणकाशी संबंध या दुकानांपेक्षा जुना आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. अमळनेरला तिचा वनस्पती तुपाचा कारखाना होता. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी सूत्रे घेतली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आयबीएमने भारतातून पाय काढला आणि देशात संगणकाची जागा मोकळी झाली. ती भरायला जे पुढे आले, त्यांत ही तेल-साबणवाली कंपनीही होती. तिचे नाव तोवर विप्रो झाले होते, आणि संगणकाचे काम अमळनेरला न होता कर्नाटकात सुरू झाले. अमळनेरच्या वाट्याला आले ते शेअर. ज्या घरांनी ते जपून ठेवले, त्यांच्या श्रीमंतीच्या गोष्टी गावात आजही सांगतात.

विप्रोचा संगणक मुख्यतः कंपन्या, बँका आणि सरकारी खात्यांत गेला. या बाजारात खरेदी निविदेने होते आणि निविदेत आकडे पाहिले जातात: इतकी रॅम, इतकी डिस्क, किंमत सर्वांत कमी. आतला पंखा कोणत्या दर्जाचा, एसएमपीएसची क्षमता कागदावरची की खरी, हे कोणी विचारत नाही. जे विचारले जात नाही त्याचे पैसेही मिळत नाहीत. २०१३ मध्ये विप्रोने स्वतःच्या नावाचे संगणक बनवणे थांबवले आणि सेवांवर लक्ष दिले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या निर्णयामागे अनेक कारणे असतात आणि गेमर ग्राहक नसणे हे त्यातले मोठे कारण नक्कीच नव्हते. तरीही साध्या यंत्राच्या धंद्यात नफा किती पातळ होतो हे त्यातून दिसते. लहान दुकानदाराची अवस्था याहून अवघड, कारण नामांकित कंपनीचा तयार डेस्कटॉप आणि ऑनलाइन विकला जाणारा लॅपटॉप त्याच्याच गिऱ्हाइकापुढे उभे असतात.

गेमर इथे वेगळा ठरतो. तो सुट्या भागांची नावे घेऊनच दुकानात येतो. कोणते कार्ड, कोणत्या कंपनीचा एसएमपीएस, रॅमचा वेग किती, कॅबिनेटला पुढून जाळी आहे की काच, हे त्याने आधीच ठरवलेले असते. दुकानदाराला हे गिऱ्हाईक डोकेदुखी वाटते, आणि तसे वाटण्यात चूक नाही. पण यंत्राच्या आतल्या दर्जाला किंमत देणारेही बाजारात जवळजवळ तेच एक असते.

दोन्ही यंत्रांवरचा ताण पाहिला म्हणजे फरक कळतो. टॅलीवर हिशोब लिहिणाऱ्या संगणकाचा प्रोसेसर दिवसातला बहुतेक वेळ रिकामा असतो. गेम सुरू झाला की प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन-तीन तास सलग राबतात. एनव्हिडिया कंपनीचे मध्यम दर्जाचे आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅटपर्यंत वीज घेते, तर याच पिढीतले सर्वांत वरचे ४०९० तब्बल ४५० वॅट घेते. ही सारी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते.

आणि ती खोली जळगावात असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हवेने थंड होणाऱ्या यंत्राचा हिशोब सोपा आहे: भोवतालची हवा जितक्या अंशांनी तापेल, साधारण तितक्याच अंशांनी आतला भागही तापतो. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत एखादा प्रोसेसर पूर्ण ताणाखाली ७२ अंशांवर राहत असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत तो ८९ वर जाईल. ९५ ते १०० अंशांच्या टप्प्यात आजचे प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. म्हणजे हातात उरतात सहा ते अकरा अंश. धूळ साचली किंवा थर्मल पेस्ट वाळली की तेही जातात, खेळ अडखळू लागतो आणि गिऱ्हाईक परत येते. इंटरनेटवरच्या परीक्षणांतले आकडे बहुधा थंड खोलीतले असतात. त्यांवर विसंबून जुळवलेले यंत्र दिवाळीत उत्तम चालते आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मान टाकते.

धूळही इथली वेगळी. कापसाच्या पट्ट्यात, विशेषतः जिनिंगच्या हंगामात, हवेत तंतू असतात. ते पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पापुद्र्यांवर बसतात. त्यात घरोघरचा पाण्याचा कूलर. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात तो खोली चांगली गार करतो, पण हवेत ओल सोडतो आणि तंतूंचा पापुद्र्यांवर चिकट थर जमतो. (‘कूलर’ हा शब्द दुकानात प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्यासाठीही चालतो. ‘कूलर बदला’ असे सांगितल्यावर गिऱ्हाइकाने खिडकीकडे पाहावे, यात नवल नाही.) जाळी सहज काढून धुता येणारे कॅबिनेट, हवा आत-बाहेर नेणारे पुरेसे पंखे आणि उन्हाळ्याआधीची एक साफसफाई यांचा उपयोग रंगीत दिव्यांच्या पट्टीहून कितीतरी जास्त. पट्टी मात्र विकली जाते.

विजेचीही गोष्ट अशीच. दुकानात सर्रास खपणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार उचलतो. साध्या संगणकाला तो भरपूर होतो. गेमिंग यंत्र आणि मॉनिटर मिळून त्याच्या मर्यादेशी येतात, आणि वीज जाताच यूपीएस आधार देण्याऐवजी स्वतःच बसतो. अर्थिंग कच्चे असलेल्या घरात कार्ड बिघडले, तर दोष मात्र जुळवणाऱ्याच्या माथी येतो. त्यामुळे गेमरला यंत्र विकणाऱ्याला त्याच्या घरचा प्लग पाहावा लागतो, निदान त्याबद्दल विचारावे लागते.

गेमरच्या बाजूने एवढे बोलल्यावर धंद्याचे गणित मांडले पाहिजे, आणि ते तितके अनुकूल नाही. गेमिंग यंत्रात ग्राफिक कार्ड बहुधा सर्वांत महागडा भाग असतो, आणि त्यावर दुकानदाराला सुटणारे पैसे किमतीच्या मानाने थोडे. ऑनलाइन भाव प्रत्येकाच्या हातात असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा भावही फोनवर कळतो. शिवाय कार्डे शिळी होतात. एनव्हिडियाची २० मालिका सप्टेंबर २०१८ मध्ये आली, ३० मालिका सप्टेंबर २०२० मध्ये, ४० मालिका ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ५० मालिका जानेवारी २०२५ मध्ये. दर दोन वर्षांनी नवी पिढी आली की कपाटातल्या जुन्या कार्डाचा भाव उतरतो. भाव येईपर्यंत घरात कापूस भरून ठेवणे खानदेशाच्या अंगवळणी पडले आहे. कार्डाच्या बाबतीत ही सवय घातक ठरते.

अपवाद घडला होता. आभासी चलन ‘खोदणाऱ्यांनी’ २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ च्या सुमारास जगभरची कार्डे उचलली, तेव्हा जुन्या मालालाही सोन्याचा भाव आला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांनी ते खोदणे संपले आणि महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली कार्डे वापरलेल्या मालाच्या बाजारात ओतली गेली. त्या तेजीला कायमची मागणी समजून ज्यांनी माल भरला, त्यांना गेमरने बुडवले असे म्हणता येणार नाही. लहान व्यवसायाने कार्ड आगाऊ रक्कम घेऊनच मागवावे, हा नियम तिथून निघतो.

दुसरी अडचण संख्येची आहे. खानदेशात गेम खेळणारी मुले पुष्कळ आहेत, पण ती मोबाइलवर खेळतात. २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि खेळ खिशात गेला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, पुढच्या वर्षी तोच खेळ भारतासाठीच्या नव्या नावाने परतला. या साऱ्या उलथापालथीत डेस्कटॉप कुठेच नव्हता. संगणकावर खेळणारा वर्ग बांभोरी, जळगाव, धुळे, शिरपूर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आसपास सापडतो आणि त्याच्या यंत्राचे पैसे वडील देतात. वडिलांच्या लेखी ते ‘इंजिनिअरिंगचे मशीन’ असते. गेम या शब्दाला घरात पैसे लावून खेळायच्या ॲपचाही वास येतो. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. दोन्हींतला फरक कायद्याला कळला, तरी ओट्यावरच्या चर्चेत तो पोहोचायला वेळ लागेल.

केवळ गेमरच्या भरवशावर जळगाव किंवा धुळ्यातला संगणक व्यवसाय उभा राहणार नाही, हे यावरून स्पष्ट होते. पण हेच यंत्र मागणारी इतर माणसे मोजली की चित्र बदलते. लग्नसराईत फोटो स्टुडिओंकडे ड्रोन आणि मोठ्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साचते. ते कापायला, रंग सुधारायला आणि वेळेत देऊन मोकळे व्हायला ग्राफिक कार्ड लागते. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणारे, फ्लेक्सचे डिझाइन करणारे, घरांचे त्रिमितीय आराखडे दाखवणारे वास्तुविशारद यांनाही तेच. लग्नाचा मोठा हंगाम एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन उन्हात येतो. त्या दिवसांत स्टुडिओचे यंत्र गेमरच्या यंत्राइतकेच तापते, फक्त ते बंद पडले तर एखाद्याच्या लग्नाची फिल्म अडते.

या सगळ्यांना एकच यंत्र चालते, याला तंत्राचा इतिहास कारण आहे. एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ हे कार्ड १९९९ मध्ये खेळांसाठी आले. एकाच वेळी अनेक ठिपक्यांचे गणित करण्याची अशा कार्डांची रीत इतर गणितांनाही लागू पडते असे लक्षात आल्यावर २००७ मध्ये कंपनीने क्युडा ही प्रणाली दिली. २०१२ मध्ये चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत ॲलेक्सनेट या ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने बाजी मारली, ती बाजारातल्या दोन गेमिंग कार्डांवर शिकवली गेली होती. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक २०२० मध्ये जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत ६३ वा आला, आणि तो एनव्हिडियाच्याच चिपांवर उभा आहे. हे सारे संशोधन ज्या उद्योगातून वर आले, त्याला कित्येक वर्षे पोरांच्या खेळाच्या पैशाने पोसले. बांभोरीच्या वसतिगृहात रात्री गेम खेळणारा विद्यार्थी त्याच कार्डावर दिवसा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प चालवू शकतो, म्हणजे वडिलांचे म्हणणे अगदीच खोटे ठरत नाही.

गेमरसाठी वेगळे यंत्र करावे का, हा प्रश्न मोठ्या कंपन्यांनी २००६ मध्ये पैसे टाकून सोडवला. डेलने एलियनवेअर विकत घेतली आणि तिचे नाव, रूप वेगळे राखले. एचपीने कॅनडातली व्हूडू घेतली, पण तो छाप काही वर्षांत कंपनीच्या पोटात विरला. पुढे २०१४ मध्ये ‘ओमेन’ हे व्हूडूचे जुने नाव एचपीने पुन्हा बाहेर काढले. गेमरला मोठ्या कंपनीचा शिक्का नको असतो, आपले यंत्र कोणीतरी जाणत्याने जुळवले आहे एवढी खात्री हवी असते. शहरातल्या जुळवणाऱ्याजवळ ही खात्री देण्याची सोय जन्मतः आहे, कारण त्याचा माणूस समोर असतो.

तेव्हा वाढत्या व्यवसायाने गेमरसाठी यंत्र करावे, पण मोजकेच, दोन किंवा तीन ठरलेल्या जुळण्यांत. तीच जुळणी विद्यार्थ्याला काचेच्या, दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये द्यावी आणि स्टुडिओला साध्या काळ्या पेटीत. प्रत्येक भागाचे नाव बिलावर लिहावे. मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, दोन तास पूर्ण ताण देऊन मोजलेले तापमानही लिहून द्यावे. हा आकडा बेंगळुरूत बसून यंत्र विकणाऱ्याला देता येत नाही. अशी चाचणी केलेली पेटी पतसंस्थेच्या टेबलाखाली गेली तर तिथेही ती जास्त टिकते, आणि तिचा जादा खर्च गेमरच्या खरेदीतून आधीच सुटलेला असतो.

विक्रीची हद्द दुरुस्तीच्या हद्दीएवढीच ठेवावी लागेल. बिघडलेले कार्ड वॉरंटीत मोठ्या शहराच्या सेवा केंद्रात जाते आणि परत यायला दिवस लागतात. तेवढ्या काळासाठी पर्यायी कार्ड हाताशी ठेवणे एरंडोल, पारोळा, अमळनेर या टापूत जमते. जळगाव ते धुळे हा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परततो. नाशिक किंवा नागपूरच्या गिऱ्हाइकाला कुरिअरने यंत्र पाठवता येते, पण जड कार्ड वाटेतल्या धक्क्यांनी मदरबोर्डच्या खाचेतून निखळते. ते पुन्हा बसवायला तिथे कोणी जाणार नसेल, तर ती ऑर्डर न घेतलेली बरी.