उत्तर मिळणे आणि उमगणे

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कित्येक गावांत, विहिरीचे पाणी खारे लागते. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. तेथील शाळकरी मुलाने ‘आमचे पाणी खारे का?’ असे संगणकाला विचारले, तर उत्तर क्षणात पडद्यावर उमटेल. परंतु उत्तर मिळाले म्हणजे ते उमगले, असे मानावे काय? शाळेतील संगणकाविषयीचा नैतिक प्रश्न आम्हांस येथे दिसतो.

आपल्या देशातील शाळांत संगणक आला तो १९८४ साली, ‘क्लास’ या केंद्रीय प्रकल्पातून. पुढे पुष्कळ ठिकाणी तो वेगळ्या तासिकेचा विषय होऊन राहिला. भूगोल, विज्ञान, गणित यांच्या वर्गांत त्याचा प्रवेश क्वचितच झाला. खारपाणपट्ट्यातील मुलांनी पावसाळ्यापूर्वी व नंतर विहिरींच्या पाण्याची क्षारता मोजावी, नोंदी संगणकावर मांडाव्यात आणि आलेख पाहून कारणांची चर्चा करावी. आलेख यंत्र काढील; त्याचा अर्थ मात्र मुलांनाच लावावा लागेल. तीन विषय येथे सहज एकत्र येतात आणि संगणक त्यांचा सेवक ठरतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या घरी ना पुस्तके, ना शिकवणी, तेथील मुलाला तयार उत्तर हाच मोठा आधार असतो. तो आम्ही नाकारीत नाही. परंतु गरिबाच्या मुलाला केवळ उत्तरे द्यावीत आणि शोध घेण्याची संधी सुस्थितांच्या मुलांसाठी राखावी, तर जुनी विषमताच नव्या वेषात येईल.

मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ साली ‘डिजिटल गाव’ म्हणून निवडले गेले. त्या परिसरातील कोरकू मुलांची मातृभाषा मुंडा कुळातील. मराठीहून सर्वस्वी भिन्न. पडद्यावर मराठी पाठ कितीही सुबक दिसला, तरी मुलाच्या चेहऱ्यावरील संभ्रम ओळखून तो समजावून देण्यास शिक्षकच लागतो. यंत्रावर खर्च करताना या शिक्षकाच्या प्रशिक्षणाकडे व वेळेकडे दुर्लक्ष करणे हा मुलांवरील अन्याय होय.

म्हणून पालकसभेत ‘शाळेत संगणक किती?’ एवढेच विचारून आपण थांबू नये. त्यांच्यावर आपल्या मुलांनी या महिन्यात कोणत्या प्रश्नाचा शोध घेतला, हेही विचारावे. मुले घरी आल्यावर त्यांनाही तेच विचारावे आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.