उचलून नेणं आणि वाट करून देणं



मध्यंतरी आपल्या बऱ्याच ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठल्याशा रेल्वे स्टेशनात चार तरुण मुलं एका आजोबांना चाकाच्या खुर्चीसकट उचलून जिना चढवून नेतात. खाली हात जोडलेल्यांची रांगच लागली होती. "माणुसकी अजून जिवंत आहे" असं कितीतरी जणांनी लिहिलं. मुलं गुणी होती, त्यात शंकाच नाही. पण मला त्यातून एक प्रश्न पडला, तो काही पाठ सोडेना. आजोबांना गाडीपर्यंत पोचायला चार मुलं लागली, ही आनंदाची गोष्ट की काळजीची? आणि सेवा हा शब्द रोज आपल्या तोंडी असतो, तर आपल्याला त्यात नेमकं काय आवडलं? आजोबा वर पोचले ते, की त्यांना उचललं गेलं ते?

हा प्रश्न मला जिथे नीट उलगडला ती जागा म्हणजे पुण्याची भुयारी मेट्रो. आपल्या बेळगावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी पुण्यात आहेच. कुणाची लेक, कुणाचा मुलगा नोकरीला, नाहीतर दवाखान्याच्या फेऱ्या. त्यामुळे शिवाजीनगरचं कोर्टाजवळचं स्टेशन, ज्याला सगळे सिव्हिल कोर्ट म्हणतात, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. १ ऑगस्ट २०२३ ला ते सुरू झालं आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून तिथून स्वारगेटपर्यंत जमिनीखालून गाडी जायला लागली. पुण्याच्या मेट्रोचे दोन्ही मार्ग या स्टेशनात एकमेकांना भेटतात. वनाझ-रामवाडी मार्ग खांबांवरून, डोक्यावरून जातो. पिंपरी-स्वारगेट मार्ग मात्र इथे जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे.

३३ मीटर म्हणजे किती, हे मी वहीवर मांडून पाहिलं. साधारण पायरी १५ सेंटीमीटर उंच धरली तर २२० पायऱ्या होतात. पर्वतीच्या पायऱ्या १०३ आहेत. म्हणजे दोन पर्वत्या चढून वर थोडं उरेल! कोथरूडला लेकीकडे राहून स्वारगेटला परतीची एसटी पकडणाऱ्या आजीबाईंनी विचार करावा: वरच्या फलाटावर उतरायचं आणि तिथून जमिनीच्या पोटात शिरायचं. तिथे लिफ्ट नसती तर ते स्टेशन गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी बांधलंच नाही असं म्हणावं लागलं असतं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाची गोष्ट तर पुढचीच.

कोणी म्हणेल, सरकता जिना असतो की. असतो. पण त्यावर खुर्ची चढत नाही, वॉकर चढत नाही, आणि सहावारी सावरत एका हातात पिशवी धरलेल्या बाईला त्यावर पहिलं पाऊल टाकताना काय वाटतं ते बायकांना सांगायला नको. पायरीविना वाट ती वेगळीच गोष्ट आहे. रस्त्यावरून लिफ्टपर्यंत, लिफ्टमधून तिकिटाच्या फाटकापर्यंत, फाटक खुर्ची जाईल एवढं रुंद, तिथून पुन्हा लिफ्टने फलाटावर आणि फलाटावरून डब्यात, अशी ती सलग साखळी असावी लागते. लिफ्ट सगळ्याच दारांना नसते, म्हणून कोणत्या दाराला आहे ते रस्त्यावरूनच कळायला हवं. यातली एक कडी तुटली तर बाकीच्या सगळ्या फुकट. नव्व्याण्णव पायऱ्या काढून टाकल्या आणि एकच ठेवली, तरी खुर्चीतल्या माणसाला ते शंभर पायऱ्यांइतकंच.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावर यासाठी खुर्चीच्या खुणा असतात, आणि त्या दोन रंगांच्या. पांढरी खूण म्हणजे रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी नाही. निळी खूण म्हणजे थेट गाडीच्या आतपर्यंत पायरी नाही. फलाट आणि डबा यांच्यात राहिलेली जी फट किंवा चढ, तेवढ्यासाठी वेगळा रंग! मला हा प्रामाणिकपणा फार भावला. "आम्ही एवढंच केलं आहे, पुढचं अजून राहिलं आहे" असं नकाशावर छापून सांगायचं. आपल्याकडे अर्धवट काम झालं की फीत कापून मोकळे होतात.

अर्थात लंडनचं कौतुक बेतानेच करावं. जगातली पहिली भुयारी रेल्वे त्यांची, १८६३ सालची. तेव्हा ज्यांनी बोगदे खणले त्यांच्या डोळ्यांपुढे धडधाकट पायांचाच प्रवासी होता. आज तिथल्या २७२ स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांशच पायरीविना आहेत. बाकीच्या ठिकाणी आता लिफ्ट बसवायची म्हणजे जुन्या इमारतींच्या, नळांच्या, तारांच्या जाळ्यातून नवीन विहीर पाडायची. तेच १९९९ मध्ये त्यांनी ज्युबिली मार्गाचा नवा तुकडा बांधला, तेव्हा त्यावरच्या सगळ्या ११ स्टेशनांत आधीपासूनच लिफ्टची सोय केली. घर बांधतानाच न्हाणीघराचा उतार काढून घ्यायचा, की फरशी बसल्यावर फोडायची, इतकी साधी ही बाब आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्या केंद्रात येणाऱ्या एका ताईंना लहानपणी पोलिओ झाला. हुशार, नोकरी करून निवृत्त झालेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांना मी त्या व्हिडिओबद्दल विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "उचलणारे मिळतात गं. देवाच्या दयेने कधी कमी पडले नाहीत. पण मी कधी निघायचं आणि कधी परत यायचं, हे ते ठरवतात."

आणखीही म्हणाल्या. चार परके पुरुष उचलतात तेव्हा साडी कुठे जाते याकडे लक्ष असतं. एकाचा हात सुटला तर, म्हणून पोटात गोळा येतो. आणि वर पोचल्यावर हसून आभार मानावे लागतात, रोज, प्रत्येकाचे, कारण उद्या पुन्हा गरज लागणार असते. "लिफ्टला थँक्यू म्हणावं लागत नाही," असं त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला काही सुचेना.

मला वाटतं, सेवेच्या विचारात आपण हा भाग फारसा घेत नाही. उचलून नेण्यात देणाऱ्याला काहीतरी मिळतं. समाधान मिळतं, चार लोक पाहतात, हल्ली फोटोही निघतो. लिफ्ट ज्यांनी आखली, त्यासाठी पैसे मंजूर केले, रोज तिची देखभाल करतात, त्यांना कोण ओळखतं? खुर्चीतला माणूस बटण दाबतो आणि आपल्या कामाला निघून जातो. त्याला आपण कुणाचे उपकार घेतोय असं वाटतच नाही. माझ्या मते हीच सेवा जास्त निखळ आहे, कारण घेणाऱ्याची मान तिच्यात ताठ राहते. हातासाठी माणसाला विनवावं लागतं, वाटेसाठी नाही.

यावर आमच्याकडे एका काकांनी आक्षेप घेतला, तोही विचार करण्यासारखा आहे. ते म्हणाले, "अशाने माणसाला माणसाची गरजच उरायची नाही. यंत्रं सगळं करतील आणि कोणी कुणाचा हात धरणार नाही." मला हे पटत नाही. गरज म्हणून हात धरणं आणि आवड म्हणून हात धरणं यात फरक आहे. त्या ताई मैत्रिणीबरोबर नाटकाला जातील तेव्हा दोघी गप्पा मारत जातील, एक दुसरीला ढकलत-उचलत नाही. माणुसकीला करण्यासारखं पुष्कळ उरतं. लिफ्ट बंद पडते. तेव्हा "बंद आहे" एवढीच पाटी वाचून आपण जिना चढून जातो. आपली दोन मिनिटं जातात, पण त्या माणसाचा दिवसच जातो. तेव्हा थांबून अधिकाऱ्याला सांगणं, तक्रार नोंदवणं, हेही हात देणंच आहे. त्याचा व्हिडिओ मात्र निघणार नाही.

आणि लिफ्टच्या दारातल्या गर्दीचं काय? धडधाकट लोक आधी शिरतात, हे खरं. तिथे आपण थांबावं, मागे राहावं. पण दुसऱ्याला हटकण्यापूर्वी जरा सांभाळून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात फक्त ७ होते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हेही आता त्यात आहेत. हे चेहऱ्यावर दिसत नाही. विशीतली मुलगी लिफ्टमध्ये उभी आहे म्हणून आपण तोंड वाकडं करायचं, आणि तिचं रक्त परवा बदललेलं असायचं.

दुसरी अडचण मला जास्त बोचते. मेट्रोची लिफ्ट मेट्रोच्या हद्दीत, पण लिफ्टपर्यंतचा फूटपाथ महापालिकेच्या हद्दीत. तिथे कडेचा उंचवटा आहे, दुचाक्या लावल्या आहेत, फरशी उखडली आहे. विचारलं तर "ते आमच्याकडे येत नाही." सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हा हद्दीचा खेळ चांगलाच ठाऊक आहे. साखळी बहुतेक वेळा हद्दीवरच तुटते, कारण तिथे प्रत्येकाचं कर्तव्य पूर्ण झालेलं असतं.

स्टीफन हॉकिंग हे खुर्चीला खिळलेले थोर शास्त्रज्ञ २००१ मध्ये दिल्लीला आले होते. त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर पाहता यावं म्हणून तिथे तात्पुरते लाकडी उतार बसवले गेले. म्हणजे करता येत होतं! शेकडो वर्षांच्या वास्तूतही. फक्त पाहुणा तेवढा मोठा असावा लागला. घरातली आजी मात्र तेवढी मोठी ठरत नाही.

हे सगळं स्टेशनांचं झालं. आता आपल्या सत्संगाच्या जागेबद्दल. गुरुपौर्णिमेला आपले सेवेकरी ज्येष्ठांना खुर्चीवर बसवून वरच्या मजल्यावरच्या सभागृहात नेतात. मुलं मनापासून करतात. पण त्या ताई, आणि त्यांच्यासारखे अजून चार-पाच जण, एरवीच्या गुरुवारी येत नाहीत, कारण एरवी उचलायला कोणी नसतं. गर्दीच्या दिवशी दर्शन आणि बाकीचे एक्कावन्न आठवडे मोबाईलवर, असं त्यांचं चाललं आहे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून आपल्या बैठकीत विषयही निघाला नाही.

वरच्या मजल्यापर्यंत उतार करणं शक्य नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो, असा नियम आहे. वरचा मजला दहा फुटांवर म्हणजे एकशेवीस फूट, तेवढं अंगण आपल्याकडे नाही. पण खालचा हॉल सामान ठेवायला वापरतो, तो रिकामा केला तर गुरुवारचा सत्संग तिथे होऊ शकतो. त्याच्या दारात तीन पायऱ्या आहेत, मिळून दीड फूट. त्याला अठरा फुटांचा उतार लागेल. फाटकापासून पायरीपर्यंत जागा कमी दिसते, तेव्हा मध्ये सपाट जागा ठेवून एक वळण घ्यावं लागेल बहुधा. यंदा फुलांच्या सजावटीसाठी जमलेल्या रकमेतून हे आधी व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फुलं थोडी कमी चालतील.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी मापाची टेप घेऊन केंद्रावर येते आहे. त्या ताईही येणार आहेत, कारण वळणावर खुर्ची फिरते की नाही हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? बांधकामातलं कळणारे कोणी ग्रुपवर असतील तर त्यांनीही यावं. खालच्या हॉलची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांनी कृपया शनिवारपर्यंत कळवावं.