ग्रुपवर टाकण्याआधी

आजचं वचन : मत्तय १८:१५-१७, १ करिंथ ६:१-८

प्रियांनो, भाऊ चुकला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, मग एक-दोघांना सोबत ने, आणि शेवटी मंडळीला सांग, असा प्रभूने क्रम दिलाय. मी तो उलटा केला. मागच्या महिन्यात तरुण संघाच्या हिशोबावरून एका भावाशी वाजलं आणि मी थेट ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. हिशोब माझाच बरोबर होता. पण पुढचे दोन रविवार तो उपासनेला आला नाही.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. गावात ज्यांचं पाणीसुद्धा वेगळं होतं, ते महार आणि मांग समाजातले लोक प्रभुभोजनाला एकत्र बसायला शिकले. सोपं नव्हतं ते. आणि आज मंडळ्या जागेसाठी कोर्टाच्या तारखा मोजतात! निवाडा करायला आपल्यात एक जणही मिळू नये? पौल विचारतो करिंथकरांना, टोचतं मला.

(मारहाण, अत्याचार असेल तर पोलिसांत जायलाच हवं. गुन्हा झाका असं पौल म्हणत नाही.)

काल संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, सावेडीला. दार वहिनींनी उघडलं. "चहा टाकते," एवढंच म्हणाल्या. तो दहा मिनिटांनी बाहेर आला. आम्हा दोघांना प्रार्थनेत आठवा.