अनाथोथचें शेत
(यिर्मया ३२ : ६–२५)



ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. आंत दुष्काळ व मरी, बाहेर तरवार. नगर पडणार असें यिर्मया सांगत असे, म्हणून सिद्कीया राजानें त्याला पहारेकऱ्यांच्या चौकांत कोंडून ठेविलें होतें. अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन अनाथोथचें आपलें शेत विकत घे, असें त्याला म्हणूं लागला.

खरेदीखत म्हणजे काय, हें आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांस समजावून सांगावयास नको. ज्या जमिनीवर उद्यां शत्रूचे घोडे चरणार, ती कोण घेईल? तरी देवाची आज्ञा ओळखून यिर्मयानें १७ शेकेल रुपें मोजून दिलें, साक्षीदार बोलाविले, लेखावर मोहर केली, आणि तो वर्षानुवर्षें शाबूत राहावा म्हणून बारूखाकडून मातीच्या मडक्यांत ठेवविला. त्या देशांत पुन्हा घरें व शेतें यांची खरेदी होईल, हें देवाचें वचन होतें.

येथें क्रम पाहा. यिर्मयाच्या मनांत शंका नव्हती असें नाहीं. परंतु आधीं त्यानें आज्ञा पाळली, आणि मग आपली शंका प्रार्थनेंत देवापुढेंच मांडली.

पुढें काय झालें? नगर पडलें, मंदिर जळालें, आणि लोकांनीं यिर्मयाला आपल्याबरोबर मिसर देशांत नेलें. त्या शेतांत त्यानें कधीं नांगर धरला, असें शास्त्रांत कोठेंही नाहीं. परंतु ख्रिस्तपूर्व ५३८ मध्यें कोरेश राजाच्या हुकुमानें बंदिवान परतूं लागले, तेव्हां परतलेल्यांच्या यादींत अनाथोथचीं १२८ माणसें आढळतात (एज्रा २ : २३). देवाचा संकल्प त्याच्या सेवकाच्या आयुष्याहून लांब होता.

आज कित्येक गांवीं तरुण मंडळी शिकून शहरांत गेली आहे. उपासनेला दहाबारा माणसें, शब्बाथ शाळेंत दोनतीन मुलें. मग मंदिराचीं कौलें कशाला चाळावीं, असें वडील माणसें विचारतात. त्यांचें दुःख आम्हांस ठाऊक आहे. मंडळी पुन्हा भरेल व तें आमच्या डोळ्यांना दिसेल, असें वचन देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु देवाचें काम आमच्याबरोबर संपत नाहीं, हें आम्ही खात्रीनें सांगतों.

भरंवसा म्हणजे कर्ज काढून केलेलें धाडस नव्हे. यिर्मयानें रोख दाम दिले व पक्का कागद केला. तसेंच हातीं असलेलें काम आपणही नीट करावें. कौलें चाळावीं, त्या दोन मुलांनाही पुरी तयारी करून धडा शिकवावा, आणि मनांतली शंका प्रभूपुढें उघड करावी. वधस्तंभाच्या दिवशीं शिष्यांनाही पुढचें कांहीं दिसत नव्हतें. तिसरा दिवस देवाच्या हातीं होता. आमचा उद्यांचा दिवसही त्याच्याच हातीं आहे. आमेन.