घोट्यावरचं घड्याळ

पहाटे साडेपाचला आईच्या खोलीतला दिवा लागतो. मग काठी फरशीला टेकल्याचा आवाज येतो. तोवर मी दारातल्या पायरीवर बसून घड्याळ बांधत असते. डावा पाय उजव्या गुडघ्यावर घ्यायचा. मोजा खाली सारायचा. पट्टा घोट्याच्या हाडाच्या जरा वर गुंडाळायचा, एक बोट आत जाईल इतका सैल. मनगटाचा पट्टा घोट्याला पुरेना, म्हणून लांब पट्टा वेगळा आणावा लागला.

हे घड्याळ मुलाने दिलं. आधी ते मनगटावरच होतं, सगळ्यांचं असतं तसं. ते घालूनच मी आईला घेऊन रंकाळा तळ्यावर फिरायला जाऊ लागले. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिच्या उजव्या हातात काठी असते आणि डाव्या हातात मी. ती माझं मनगट धरते. चांगलं घट्ट धरते, घड्याळाच्या दोन बोटं वर.

पाऊण तास चालून घरी आलो की घड्याळात बघायचे. १४० पावलं. एखाद्या दिवशी १८०.

मला वाटलं, बिघडलं असेल. मग एका दुपारी कणीक मळली, दहाबारा चपात्या लाटल्या, आणि सहज घड्याळाकडे लक्ष गेलं. ओट्यापासून मी हललेही नव्हते, तरी दोनशेच्या वर पावलं चढली होती. लाटणं पुढेमागे फिरलं होतं, त्याचं घड्याळाने चालणं केलं होतं. तेव्हा उमगलं की घड्याळ धडधाकट आहे. त्याची आणि पायाची ओळखच नाही.

त्याच्या आत एक अतिसूक्ष्म वजन असतं, सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांवर तोललेलं. हात हलला की ते वजन किंचित मागे रेंगाळतं. किती रेंगाळलं, कोणत्या दिशेला, कोणत्या लयीत, यावरून घड्याळ हिशेब मांडतं. चालताना आपले हात आपसूक झुलतात. उजवा पाय पुढे तर डावा हात पुढे. त्या झोक्यावरून ते पावलाचा अंदाज बांधतं. म्हणजे मनगटावर मोजले जातात ते मोकळ्या हाताचे झोके.

मोकळ्या हाताचे. या शब्दापाशी मी बरेच दिवस थांबले.

चालताना कुणाचे हात मोकळे नसतात, ते मी रस्त्याने जाताना पाहू लागले. बाबागाडी ढकलणाऱ्या आईचे नसतात. लेकरू कडेवर घेतलेल्या बापाचे नसतात. डोक्यावरची घागर एका हाताने सावरत, दुसऱ्या काखेत कळशी घेऊन येणाऱ्या बाईचे नसतात. भाजीची हातगाडी ओढणाऱ्याचे, दवाखान्यात स्ट्रेचर ढकलणाऱ्याचे, वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालणाऱ्या आजोबांचे नसतात. ही माणसं दिवसभर चालतात. मनगटावर यंत्र बांधलं, तर यातल्या पुष्कळांचं चालणं त्याला धड दिसायचं नाही. दुसऱ्याला धरून चालणाऱ्याची पावलं फार शांत असतात.

यंत्रं करणाऱ्यांच्याही हे हळूहळू ध्यानात येतं. चाकाच्या खुर्चीवरून हिंडणाऱ्या माणसाला पावलं कुठली? २०१६ साली अ‍ॅपलने आपल्या घड्याळात त्यांच्यासाठी चाकाला दिलेले रेटे मोजायची सोय केली. ‘उठून उभे राहा’ अशी आठवण करून देणारं घड्याळ त्यांना ‘जरा फिरून या’ म्हणू लागलं. ही बातमी वाचून मला फार बरं वाटलं होतं.

घोट्यावर घड्याळ बांधणारी मी काही पहिली नाही. सावकाश चालणाऱ्या रुग्णांची पावलं मनगटावरून निसटतात, म्हणून संशोधनात घोट्याला बांधायचं यंत्र वापरतात. २०१५ साली अ‍ॅपलचं घड्याळ आलं, तेव्हा मनगटभर गडद गोंदण असलेल्या लोकांना अडचण आली. शाईतून त्याचा नाडी मोजणारा प्रकाश नीट जाईना. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कोपराखाली काही घालायचं नाही, असा दंडक आहे. तिथे मनगटावर घड्याळ चालत नाही. गरज पडली की माणूस वस्तूला नवी जागा शोधून देतो.

माझी अडचण निराळी होती. पायात घड्याळ घालायला मन धजेना.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं घड्याळ एचएमटीचं होतं, ‘जनता’. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला, आणि पुढे कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पहिलं मनगटी घड्याळ तिथून आलं. आमच्याही. अण्णा रोज अंघोळ झाली की पूजेच्या आधी त्याला किल्ली द्यायचे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात तो बारीक मळसूत्रासारखा कंगोरा धरून, डोळे मिटून, हलक्या हाताने. शेवटचा पीळ आला की थांबायचे. एकदा गादीवर ठेवलेल्या त्या घड्याळाला माझा पाय लागला. अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “नमस्कार कर.” पुस्तकाला पाय लागला तर करतो, तसा मी घड्याळाला नमस्कार केला. त्या वेळचा काचेचा गार स्पर्श बोटांना अजून आठवतो.

आपल्याकडे पायाची एक पायरी ठरलेली आहे. सोनं कमरेखाली घालत नाहीत. पायात चांदी. पैंजण, तोरड्या, जोडवी, सगळी चांदीची. आणि घड्याळ तर मनगटावरचं, मानाचं. ते घोट्याला बांधायचं म्हणजे काहीतरी खाली उतरवल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या दिवशी आईनेही पाहिलं आणि थबकली. “पायात घड्याळ घालतात होय गं?”

मी कारण सांगितलं. तिचा हात आणि माझं मनगट, मोकळे झोके, न मोजलेली पावलं. ती ऐकत होती. काही बोलली नाही. आम्ही निघालो. पाण्यावर अजून धुकं होतं, पलीकडचा शालिनी पॅलेस अर्धाच दिसत होता. नेहमीच्या बाकड्याशी टेकल्यावर ती म्हणाली, “वारीत माणसं एकमेकांच्या पायाच पडतात की. आणि विठोबाच्या तरी डोकं कुठं टेकवतो आपण? पायावरच.” मग काठीने माझ्या घोट्याकडे दाखवून म्हणाली, “राहू दे तिथंच.”

आईचं हे असं असतं. तिला पटायला एक फेरी लागते.

त्या दिवशी घरी येऊन पाहिलं, २,१०० पावलं झाली होती.

खरं सांगायचं तर त्या आकड्याने मी सुखावले. अगदी लहान मुलासारखी. पाऊल तेच, रस्ता तोच, चालणारी तीच. पण कुणीतरी पाहिलं होतं. माणसाला एवढंच लागतं का, की कुणीतरी पाहावं? हा प्रश्न मी पुढे काही दिवस बरोबर घेऊन हिंडले. त्याचं उत्तर मला ठामपणे देता येत नाही.

घोट्यावर आल्यावर घड्याळ बाकीच्या गोष्टींत गोंधळलं, तेही सांगायला हवं. त्याच्या पाठीला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून तर ते लाल दिसतं. ठोक्यागणिक त्वचेखालचं रक्त वाढतं, ओसरतं, तसा परतणारा उजेडही कमीजास्त होतो, आणि त्यावरून घड्याळ नाडी मोजतं. घोट्याच्या वर, हाडाजवळ, त्याला ती नीट सापडेना. मधूनच काहीतरी भलताच आकडा दाखवी. पण नाडी तिथे असतेच. आईला मधुमेह आहे, म्हणून डॉक्टर दरवेळी तिचे पाय तपासतात. आतल्या घोट्याच्या मागे दोन बोटं ठेवतात आणि गप्प होतात. मग पावलाच्या वरच्या बाजूला ठेवतात आणि पुन्हा गप्प होतात. लांब गेलेलं रक्त अजून तिथवर पोचतंय ना, ते पाहतात. मला तो गप्प बसण्याचा क्षण फार आवडतो. वैद्य मनगटाची नाडी बघतो तेव्हा हात आपण पुढे करतो. पायाची बघायची तर बघणाऱ्याला वाकावं लागतं.

मलाही वाकावं लागतं. मनगटावर घड्याळ असताना दर पाच मिनिटांनी डोळा तिकडे जायचा. बोलताना, जेवताना, आई काही सांगत असताना सुद्धा. आता आकडा पाहायचा तर थांबा, बसा, पाय वर घ्या, मोजा सारा. इतकं कोण करतं? म्हणून आता फेरी पुरी झाल्यावरच पाहते. मधल्या वेळात आई जे सांगते ते पुरतं ऐकू येतं. तिच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट मी तुकड्यातुकड्याने कितीदा ऐकली असेन. शेवटापर्यंत ती या पावसाळ्यात ऐकली.

दहा हजार पावलांचं सगळे बोलतात. तो आकडा आला जपानमधून. १९६५ साली तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच ‘मान्पो-केई’ ठेवलं, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा आरोग्याचा नियम होऊन बसला. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० नंतर फरक पडेनासा झाला. मी हे आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, “आपली किती होतात?”

“सकाळची एकवीसशे.”

“त्यातली माझी किती?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. घड्याळ माझ्या पायात होतं. इतके दिवस आपली पावलं, आपली पावलं म्हणत मी फक्त माझी मोजली होती. ती माझ्या मनगटाला धरून चालते, म्हणून माझी पावलं न मोजली गेल्याचं मला वाईट वाटलं. तिची तर कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पायरीवर बसली आणि मी खाली उकिडवी बसले. तिचं पाऊल मांडीवर घेतलं. कातडी कागदासारखी पातळ झाली आहे, निळ्या शिरा वरून दिसतात. जोडव्यांनी बोटाला पडलेला खोलगट वळसा आहे. घोट्यावर एक फिकट रेघ आहे. तोरड्या कितीतरी वर्षांपूर्वी काढून ठेवल्या, तरी ती राहिली आहे. पट्टा त्या रेघेवरच बसला. माझ्यापेक्षा तीन भोकं आत. मी पट्ट्यात बोट घालून पाहिलं, घट्ट तर होत नाही ना. घोट्याच्या मागे, अगदी मंद, नाडी लागली.

आम्ही नेहमीच्याच वाटेने गेलो. बाकड्यापर्यंत, तिथे टेकलो, परत. तिची काठी टक्, मग एक पाऊल, मग ऑपरेशनचा पाय जरा ओढत दुसरं. मी पहिल्यांदाच तिच्या पायांकडे बघत चालले. माझं एक पाऊल पडे तोवर तिची एकापेक्षा जास्त पडत होती. लहान, अर्धवट, पण पडत होती. मी मात्र इतके दिवस समजत होते की मी तिला चालवते.

घरी आलो. मी पुन्हा खाली बसले, तिचा मोजा सारला, काच पदराने पुसली.

२,९०० च्या वर होती.

“किती गं?” तिने वरून विचारलं.

मी आकडा सांगितला. ती काही बोलली नाही. पाय तसाच माझ्या मांडीवर राहू दिला, आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.