ऋषिऋण आणि एच-इंडेक्स

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. बढतीच्या मुलाखती जवळ आल्या की डॉक्टर मंडळी माझ्या टेबलाशी येतात. ‘मॅडम, सायटेशन किती झाली बघा ना. एच-इंडेक्सही काढून द्या.’ मी काढून देते. सायटेशन म्हणजे आपल्या निबंधाचा दुसऱ्यांनी त्यांच्या निबंधात केलेला उल्लेख. दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहादा उल्लेख झाला असेल तर एच-इंडेक्स दहा. हा हिशेब २००५ साली हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. म्हणजे ज्याने जन्मात एकच निबंध लिहिला, मग तो कितीही थोर असो, त्याचा आकडा एकच राहणार.

माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो, असं आपल्याकडे मानलं आहे. त्यातलं ऋषींचं ऋण अध्ययनाने फेडायचं. निबंधाखालची संदर्भसूची मला याच ऋणाची कबुली वाटते. आपल्याआधी कोणीतरी रात्री जागवल्या, म्हणून आपण इथवर आलो, हे तिथे लिहून द्यायचं असतं. उल्लेख करणं हा मागून येणाऱ्याचा धर्म आहे. आपण मात्र त्या उल्लेखाची पुढे गेलेल्याच्या नावावर मिळकत करून ठेवली.

कॉलऱ्यावर संशोधन करणारे डॉक्टर शंभुनाथ डे यांची आठवण मला यासाठी वारंवार येते. कॉलऱ्याचे जंतू विष तयार करत असावेत, असा जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांचा १८८४ पासूनचा तर्क होता. पण ते दाखवता कोणालाच आलं नव्हतं. कोलकात्यात डे यांनी जिवंत सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सोडला. तुकडा पाण्याने टम्म फुगला. जंतू नसतानाही आतडं पाणी सोडत होतं! १९५९ साली ‘नेचर’मध्ये हा लहानसा निबंध आला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतून दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवर कॉलऱ्याच्या विषाचं काम प्रसिद्ध केलं. ही नावं आज आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत?

डे यांच्या निबंधाकडे सुरुवातीची काही वर्षं फारसं कोणी पाहिलं नाही. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानच्या कॉलरा-परिसंवादाला त्यांना बोलावणं आलं, पण देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिलं नाही. १९८५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर लिहिलं ते युजीन गारफिल्ड यांनी, म्हणजे उल्लेख मोजण्याची पद्धत ज्यांनी उभी केली त्यांनीच. १९५५ साली गारफिल्डनी ही कल्पना मांडली, तेव्हा एखादा विचार पुढे कुठे गेला, त्यावर कोणी आक्षेप घेतला, हे वाचकाला शोधता यावं हा हेतू होता. माणसाला गुण द्यायचं ते यंत्र नव्हतं.

आकडा किती आंधळा असतो, हे अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या निबंधाने दाखवलं. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा हा निबंध १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला, २०१० मध्ये मागे घेतला. त्याचे उल्लेख प्रचंड आहेत, आणि त्यातले बहुतेक तो खोडून काढणारे आहेत.

कोणी म्हणेल, गीता फळाची आस सोडायला सांगते, मग डे यांना मान मिळाला काय, न मिळाला काय. हा युक्तिवाद मला मान्य नाही. निष्काम राहण्याचा उपदेश काम करणाऱ्याला आहे. त्याच्या कामावर उभं राहणाऱ्याला ऋणातून सुटका नाही. डे यांनी मागितलं नाही हे त्यांचं मोठेपण, आणि आपण दिलं नाही हा आपला दोष. आज तर दोन्ही टोकं उलटी झाली आहेत. काम करणारा स्वतःचे उल्लेख मोजत बसतो, आणि उल्लेख करणारा मूळ निबंध न उघडता दुसऱ्याच्या सूचीतून नाव उचलतो. न वाचता केलेला उल्लेख म्हणजे ऋण फेडल्याची खोटी पावती आहे.

म्हणून तरुण डॉक्टरांना माझी विनंती आहे. पुढचा निबंध लिहाल तेव्हा सूचीतला प्रत्येक निबंध आधी स्वतः वाचा. जुना अंक सापडत नसेल तर ग्रंथालयात या, आम्ही काढून देऊ.