सातवा तालुका

झोळी पुन्हा दिसली. बांबूला बांधलेली चादर, आत कळा सोसणारी बाई, पुढे-मागे खांदे बदलत चालणारी चार माणसं आणि पोटरीभर चिखल. तुम्हीही फोनवर पाहिली असेल, हळहळून चार जणांना पाठवलीही असेल. माझी चिडचिड झोळीवर नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आजवर वेळेवर आलेलं वाहन कुठलं असेल तर ते झोळीच. चिडचिड आहे ती मागोमाग आलेल्या सरकारी खुलाशावर. त्यात तोच शब्द होता. अतिदुर्गम.

1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा झाला तेव्हा तालुके सहा होते. शाळेत आम्ही तसंच पाठ करून घ्यायचो. पण सरकारी टिपणं वाचली की वाटतं, एक सातवाही असावा आणि त्याचं नाव ‘दुर्गम’. औषध कुठे पोहोचलं नाही? दुर्गमला. डॉक्टर कुठे राहत नाहीत? दुर्गमला. पूल कुठे अडला? तिथेच. या तालुक्याला तहसीलदार नाही, पण दर पावसाळ्यात सगळ्या चुका तिथेच जमा होतात.

आता या दुर्गमला कोण कोण पोहोचतं ते पाहू. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक पोहोचतो. कोणत्या पाड्यावर किती कोयते आहेत, कोणाला किती उचल दिली की तो बायको-पोरांसह बारडोलीकडे निघेल, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला ना नकाशा लागतो, ना सर्वेक्षण. गुटख्याची पुडी पोहोचते. आणि मतदान यंत्र? ते तर हमखास. विधानसभेच्या यादीतला पहिला मतदारसंघ अक्कलकुवा आणि त्यातलं पहिलं केंद्र मणिबेली, सरदार सरोवराच्या पाण्याकाठचं. तिथे कर्मचारी बोटीने जातात, यंत्र छातीशी धरून, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचं कौतुक येतं. यायलाच हवं. पण त्या दिवशी मणिबेली दुर्गम नसते, लोकशाहीचं पहिलं पाऊल असते. दुर्गमपण शाई वाळल्यावर परत येतं.

शिवाय दुर्गम म्हणजे कोणापासून? पाड्यावरच्या म्हातारीला विचारलं तर ती म्हणेल, कलेक्टर ऑफिस फार दुर्गम आहे बाबा, दोन वेळा गेले, साहेब भेटले नाहीत.

रिक्त पदं, मोबाईलला रेंज नाही, लोक आधी भगताकडे जातात, हेही खुलाशात होतं. असेल.

खरी गंमत अशी की पाऊस येणार हे सरकारला माहीत आहे. नुसतं माहीत नाही, लेखी माहीत आहे. नवसंजीवन योजना 1995 ची. संपर्क तुटणाऱ्या गावांत पावसाआधी धान्य आणि औषध ठेवा, भरारी पथकांनी पाड्यापाड्यावर फिरा, स्थानिक पाडा स्वयंसेवक नेमा, हे सगळं त्यात आहे. ज्याने लिहिलं त्याला डोंगर कळत होता. आदिवासी कुटुंबांना मिळणारी खावटीची मदतही पावसाळ्याच्या त्याच तुटीच्या चार महिन्यांसाठी. 2020 साली तिचं अनुदान ठरलं, कुटुंबामागे 4 हजार, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. वस्तू घरात येईतो पुढचा पावसाळा उजाडला. भूक मात्र आपल्याच वेळापत्रकाने आली होती.

आणि फ्लेक्स! या स्तंभाच्या जुन्या वाचकांनी इथे डोळे मिटून घ्यावेत. ‘जलजन्य आजारांस प्रतिबंध करा’ असा फ्लेक्स मी तालुक्याच्या चौकात पाहिला, जिथे पाणी नळाला येतं. ज्या पाड्यावर झऱ्याचं पाणी पितात तिथली बोली पावरी किंवा भिल्ली. ‘प्रतिबंध’ हा शब्द तिथे कोण उच्चारतो? पाहुण्यांचे फोटो मात्र कोणत्याही भाषेत कळतात. फ्लेक्सचं कापड पावसात झोपडीवर घालायला बरं, एवढाच त्याचा आरोग्यावर परिणाम.

2020 मध्ये याच जिल्ह्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे दूरच्या पाड्यांवरच्या बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोहोचायला नर्मदेत स्वतः होडी वल्हवत गेल्या, सुमारे 18 किलोमीटर. देशभर नाव झालं. मीही इथे कौतुकाचे दोन परिच्छेद लिहिले होते. आज ते पुन्हा वाचताना जरा लाज वाटली. तिने वल्हं मारलं म्हणून बाळांचं वजन झालं, याचा अर्थ ती आजारी पडली असती तर झालं नसतं. आपण टाळ्या वाजवून त्या दुसऱ्या वाक्यातून सुटलो.

तसं पाहिलं तर मी कोण बोलणारा? छत्री मी दर वर्षी पहिल्या सरीत भिजल्यावरच विकत घेतो. मृग लागायची तारीख पाठ असूनही. उद्यावर ढकलणं माणसाच्या स्वभावातच आहे, आणि साहेबही माणूसच. पण माझ्या छत्रीवर कोणाचं बाळंतपण अडून बसलेलं नसतं.

तुमच्याकडून एक छोटं काम हवं आहे. आरोग्य खातं गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी पावसाआधी आणि पावसानंतर करतं आणि ग्रामपंचायतीला कार्ड देतं. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, पाणी सुरक्षित असेल तर हिरवं. या आठवड्यात ग्रामपंचायतीत गेलात तर आपलं कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते विचारा. कार्ड सापडत नसेल तर तेही लिहून घ्या. लाल असेल तर मला पत्र टाका. फ्लेक्सचा फोटो मात्र पाठवू नका.